आईनं न टाकलेली चिमणी

आमच्या घरात काहीही टाकून द्यायची पद्धत नव्हती. भाकरी शिळी झाली की तिचे कुटके व्हायचे, कुटके उरले की ते शेळीला जायचे. फुटक्या बादलीत कोथिंबीर उगवायची, आप्पांच्या विटलेल्या शर्टाचं आधी फडकं आणि मग पोतेरं व्हायचं. जमीन कंपन्यांसाठी घेतल्याची सरकारी नोटीससुद्धा आप्पांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं जपून ठेवली होती, जणू पुढेमागे ती पेरता येणार होती. अशा घरातल्या बायकांना एका परदेशी बाईनं असा खेळ शिकवायला घेतला, की ज्यात दर पाळीला एक सोंगटी उचलायची आणि एक टाकायचीच. टाकल्याशिवाय सुटका नाही. त्या खेळाचं नाव माहजाँग. आम्ही तो शिकलो असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. पण माझ्या आयुष्यात जे काही बरं घडलं त्याची सुरुवात त्या टेबलावर झाली, आणि त्यातलं माझं कर्तृत्व अगदी शेवटच्या एका वाक्यापुरतं आहे, एवढं आधीच सांगून टाकते. उगाच कुणी मोठ्या अपेक्षेनं वाचू नये.

कारेगावात तेव्हा शेतांतून कंपन्या उगवायला लागल्या होत्या. आमची बरीचशी जमीन रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या तुकड्यात आई मेथी काढायची आणि आप्पा खोल्या काढायचे. मेथीपेक्षा खोल्यांना पाणी कमी लागतं, हे आप्पांच्या लवकर ध्यानात आलं. खोल्यांत बिहारची, ओडिशाची, लातूरकडची पोरं राहायची. एक पाळी कामाला जायची तेव्हा दुसरी त्याच गादीवर येऊन झोपायची. दिवसभर कुठल्या ना कुठल्या खोलीत कुकरची शिट्टी व्हायची, मोहरीच्या तेलाचा वास यायचा, आणि कंपनीचा भोंगा वाजला की आमची शेळी ओरडायची. गावातले लोक आप्पांना शेठ म्हणायला लागले होते आणि आप्पा तसे चालायलाही लागले होते. घरावर त्यांनी एक स्लॅबची खोली चढवली, तिला पांढरी फरशी घातली आणि पुण्याहून टेम्पोत घालून कमोड आणला. तो बघायला निम्मी भावकी येऊन गेली. एका चुलत्यानं त्यावर हात ठेवून 'मजबूत हाय' असा दाखलाही दिला. मग त्या खोलीत मेईबाई राहायला आली.

मेईबाई तैवानची. पन्नाशीची, आखूड केसांची, कंपनीत नवीन मशिनं बसवायला म्हणून तिला वर्षभरासाठी पाठवलेलं. हिंदी ती मशिनवरच्या पोरांकडून शिकली होती, त्यामुळं ती सगळ्यांना भाई म्हणायची. आप्पांना भाई, आईला भाई, शेळीलाही भाई. चहा तिला आमचा आवडायचा नाही. ती तो तोंडात घेऊन डॉक्टरकडं आल्यासारखा चेहरा करायची आणि आई दर वेळी साखर कमी पडली असेल म्हणून आणखी दोन चमचे घालायची. गुरुवारी कंपनीला सुट्टी. पहिल्याच गुरुवारी मेईबाई एक जड पेटी घेऊन जिना उतरली, ओसरीवर पेटी आपटली आणि म्हणाली, "चार आदमी चाहिए भाई. अकेला मैं पागल हो जाएगा." बिचारीनं सरळ मागितलं होतं, आणि आईनं पाहुण्याला नाही म्हटल्याचं आमच्या खानदानात कुणाला आठवत नाही. एक मेईबाई, दोन आई. बारावी होऊन घरात रिकामी बसलेली, म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत काम करणारी मी तिसरी. चौथी म्हणून आईनं दौंडला निरोप धाडला.

दौंडला आमची सुमनआत्या राहायची, रेल्वेच्या कॉलनीत. आत्याचे यजमान रेल्वेत गार्ड, ते सदानकदा गाडीवर, आणि आत्या क्वार्टरात गाड्यांच्या वेळा पाठ करत बसलेली. एरवी दिवाळीला सुद्धा 'येळ कुठं हाय' म्हणणाऱ्या आत्याला त्या वर्षी माहेरची ओढ लागली, ती दर गुरुवारी. दौंडहून शिरूरला, शिरूरहून कारेगावला अशा दोन एसट्या बदलून ती यायची आणि दारातूनच विचारायची, "वहिनी, मांडला का?" आम्ही कशा आहोत ते ती संध्याकाळी निघताना विचारायची.

पेटीत गुळगुळीत पांढऱ्या सोंगट्या होत्या, दीडशेला थोड्या कमी. त्या टेबलावर पालथ्या घालून दोन्ही हातांनी कालवायच्या. तो आवाज मला अजून आवडतो, नदीतले गोटे पाण्यानं ढकलल्यासारखा. मग चारी बाजूंनी त्यांचा बांध घालायचा आणि प्रत्येकीनं पाळीपाळीनं तो कोरत जायचा. हे मात्र आम्हाला शिकवावं लागलं नाही, बांध कोरणं भावकीत चार पिढ्यांपासून चालू होतं. सोंगट्यांवर चित्रं होती. काठ्या होत्या, चकल्या होत्या, आणि काहींवर चिनी अक्षरं होती. त्यांना आईनं नोटिसा असं नाव दिलं. वाचता येत नाही आणि तरी आपल्याला लागू होते ती नोटीस, असं तिचं साधं गणित. एकाच काठीच्या ज्या चार सोंगट्या, त्यांच्यावर काठीच्या जागी एक पक्षी काढलेला असायचा. मेईबाई त्याला मोर म्हणायची, आई चिमणी म्हणायची, आणि घर आमचं असल्यामुळं ती चिमणीच राहिली. जिंकायचं कसं ते आत्यानं एका वाक्यात बसवलं. तीन-तीन जुळत्या माणसांची चार कुटुंबं लावायची आन् शेवटी एक जोडपं. सगळं जमलं तरी जोडपं नसलं तर खेळ फुकट. आत्याचा जगण्याबद्दलचा विचारही साधारण असाच होता.

माझी मुलगी हल्ली मोबाइलवर याच नावाचा खेळ खेळते. एकटीच, आवाज बंद करून, सारखी चित्रं शोधत. मी एकदा तिला म्हटलं, हा तो खेळ नव्हे गं, तिथं समोर माणसं लागतात. ती म्हणाली, आई, म्हणूनच तर हा बरा. असो.

तर आईला चौदा सोंगट्यांतली एक टाकायला सांगितली की तिचा जीव वरखाली व्हायचा. "चांगली हाय की ही, कशापायी टाकू?" मेईबाई ओरडायची, "फेंको भाई, फेंको! लाइन रुका है!" दोन-तीन आठवड्यांनी आईनं यातून मार्ग काढला. टाकायचीच आहे तर निदान कुणाच्या तरी उपयोगी पडावी. शेजारणीची वाटी कधी रिकामी परत न करणारी बाई ती. समोरचीच्या सोंगट्यांकडं, चेहऱ्याकडं बघून तिला नेमकं कळायचं कुणाला काय हवंय, आणि ती तेच शोधून टाकायची. मेईबाईला तीन चकल्या हव्या असल्या की आईनं स्वतःचं लागलेलं कुटुंब मोडून चकली पुढं केलीच म्हणून समजा. वर म्हणायची, "माझ्याकडं पडूनच व्हती." मेईबाई अशा रीतीनं सतत जिंकायची आणि जिंकल्यावर रागानं लाल व्हायची. तिच्या देशात म्हणे लोक हा खेळ जिंकण्यासाठी खेळतात.

मला आईचा भयंकर राग यायचा. मी तिला तोंडावर भोळी म्हणायचे, पाठीमागं बावळट. माझी स्वतःची हुशारी अशी, की दुसऱ्यानं टाकलेली सोंगटी आपल्याला हवी असेल तर मोठ्यानं 'पाँग' असं ओरडून ती उचलायची असते, आणि मला ते कधी जमलं नाही. चारचौघींत ओरडायचं कसं? मोठ्या माणसांच्या पुढ्यातलं उचलायचं कसं? मी मनात पाँग म्हणायचे. तोवर पुढचीचा हात बांधाला लागायचा आणि माझी सोंगटी गेली ती गेली. मेईबाई माझ्या तोंडासमोर टिचक्या वाजवायची. "आवाज! आवाज निकालो! मुँह में क्या है?" तोंडात काही नव्हतं. एकोणीस वर्षांचं वळण होतं.

हे असं आठ-दहा महिने चाललं आणि एका गुरुवारी आत्यानं पिशवीतून तंबाखूच्या मिसरीच्या डबीसोबत माझं लग्न बाहेर काढलं. खुटबावचं स्थळ. आत्याला ते दौंड-पुणे शटलमध्ये खिडकीच्या जागेवर भेटलं होतं. बागायती जमीन, दारात जीप, मुलगा सोसायटीचा संचालक, आणि मुलाच्या वडिलांचा शब्द जिल्ह्यात चालणारा. या शेवटच्या गोष्टीवर आप्पांचे डोळे चमकले, कारण आप्पांना तेव्हा जिल्हा परिषदेच्या तिकिटाची स्वप्नं पडत होती. मला शिरूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घालायचं होतं. फॉर्म मी आणून ठेवला होता, तो धान्याच्या कोठीमागं होता, आणि त्याबद्दल मी कुणालाच काही बोलले नव्हते. तेही मी मनातच म्हटलेलं. आप्पा आत्याला म्हणाले, "पुढच्या गुरवारी या म्हणावं त्यान्ला." मला कुणी काही विचारलं नाही. मेथीची जुडी बाजारात न्यायच्या आधी तिला विचारत नाहीत, तसंच ते.

तो गुरुवार उजाडला. आईनं पहाटेपासून मासवड्या थापल्या. मला आत्याची मोरपंखी साडी नेसवली. ती माझ्यावर तंबूसारखी उभी राहिली. खुटबावची माणसं जीपमधून आली. पुरुष आप्पांबरोबर कमोड बघायला वर गेले आणि मुलाची आई, तिला सगळे अक्का म्हणत, ओसरीवर बसली. अक्का दिलखुलास होती, हे सांगितलं पाहिजे. मोठ्यानं हसायची, मासवडी मागून खाल्ली, माझी हनुवटी धरून "नाकीडोळी नीटस हाय" असं म्हणाली. मला ती आवडली सुद्धा. माणसाची पारख करण्यात मी किती तयार होते ते यावरून दिसेल.

एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि मेईबाई पेटी घेऊन उतरली. गुरुवार म्हणजे गुरुवार. आत्यानं खुणा केल्या, मी डोळे मोठे केले, पण तिला आज नको असं तोंडानं सांगायचं कुणी? आईनं मुकाट्यानं टेबल पुसलं. अक्काला मोठी गंमत वाटली. "हे काय वो? आमाला बी दावा की." आत्या लगेच आपल्या जागेवरून उठली, "बसा अक्का, तुमीच बसा," आणि तिच्या मागं उभी राहून तिला शिकवायला लागली. दहा मिनिटांत अक्काला खेळ समजला, किंवा समजायची तिला गरज वाटली नाही. टाकलेली सोंगटी ती परत उचलायची. तसं चालत नाही म्हटलं की हसून म्हणायची, "आमच्यात चालतंय." मेईबाई दर खेपेला "गलत, भाई, गलत!" म्हणून टेबलावर हात आपटायची आणि आत्या अक्काला सांगायची, "तिला काय कळतंय आपल्यातलं."

तिसरा डाव रंगात आला होता. अक्काची तीन कुटुंबं लागली होती, चौथं चिमण्यांचं करायचं होतं. तिच्याकडं एकच चिमणी. तिनं मान तिरकी करून माझ्या रांगेत बघितलं, हात लांब केला आणि माझी चिमणी उचलून आपल्या रांगेत ठेवली. त्या बदल्यात स्वतःची एक निरुपयोगी नोटीस माझ्या पुढ्यात सरकवली. "हिची घेते मी," ती हसत म्हणाली. "आज ना उद्या हिचं ते आमचंच की." आत्या खो खो हसली. अक्काही हसली. मेईबाई खुर्चीवरून उठलीच, "अरे! ये क्या! चोरी!" आणि मी काय केलं? मी हसले. नुसती हसले नाही, उरलेली रांग जरा तिच्याकडं कलती केली, तिला नीट दिसावी म्हणून. आज इतक्या वर्षांनी हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते. आईला बावळट म्हणणारी ती मीच होते.

आई हसली नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. अक्का मग तिच्याकडं वळली. "वहिनी, एक चिमणी कमी पडतीया. तुमच्याकडं दोन हायती, बघितल्यात मी. टाका एक." आत्यानं अक्काच्या डोक्यावरून आईला डोळा घातला, टाका म्हणून. इतके महिने न मागता देत आलेली आई, आणि आज तर घरी आलेली मुलाची आई तोंडानं मागत होती. आईनं आपल्या दोन चिमण्यांवर हात ठेवला. मोठ्यानं नाही, रागानं नाही, भाकरी झाकावी तसा.

"न्हाई," आई म्हणाली.

आत्याचं हसू अर्ध्यात राहिलं. अक्काला वाटलं थट्टाच चाललीय. "अवो, खेळच हाय की."

"खेळ हाय म्हणूनच न्हाई," आई म्हणाली आणि तिनं एक चकली टाकली. मेईबाई हळूच खाली बसली. पाळी दोनदा फिरली. वरून तेवढा पुरुषांचा पाण्याच्या टाकीबद्दलचा वाद ऐकू येत होता. तिसऱ्या खेपेला आईनं बांधावरून सोंगटी उचलली, अंगठ्यानं चाचपली आणि सगळी रांग उताणी केली. चार कुटुंबं, शेवटी चिमण्यांची जोडी. आई आयुष्यात पहिल्यांदा जिंकली होती. जिंकल्यावर काय करतात ते तिला माहीत नसल्यामुळं ती उठून चहा ठेवायला गेली.

निघताना अक्का म्हणाली, "आमची पसंती हाय. सुपारीला कवा यायचं तेवडं सांगा." आप्पा तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "कळवतो." आमच्याकडं 'कळवतो' या शब्दाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. अक्काचा चेहरा उतरला, जीपचं दार जरा जोरात लागलं, आणि आत्यानं त्या दिवशी शिरूरची एसटी कुणी सोडायला येण्याआधीच गाठली.

दिवेलागणीला आप्पांचा स्फोट झाला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि आप्पा स्वैपाकघराच्या उंबऱ्यात उभे.

"कळवतो म्हंजी? काय राह्यलंय कळवायचं?"

"पोरगी त्या घरात द्यायची न्हाई," आई म्हणाली.

"का पर? काय वाईट हाय? बागायत न्हाई, का जीप न्हाई?"

"तिनं पोरीच्या पुढ्यातली सोंगटी उचलली."

आप्पा उंबऱ्यात खालीच बसले. "सोंगटी? एका सोंगटीपायी खुटबावचं स्थळ सोडू? लोकान्ला काय सांगू मी?"

"काय बी सांगा," आई म्हणाली. "आज सोंगटी उचलली, उद्या ताटातलं उचलंल. आन् ही हसत ऱ्हाईल." तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि माझ्याकडं मान वळवली. तिच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "मी जल्मभर दिलं गं, पर माझ्या मनानं दिलं. तू का दिलीस?"

तिच्या त्या सगळ्या सोंगट्या, चहातले जास्तीचे दोन चमचे, भरून परत गेलेल्या वाट्या मला आठवल्या, आणि मी तिला काय काय म्हणत आले तेही.

"तिला काय इचारती?" आप्पा म्हणाले. "तिला काय कळतंय?"

"मग तुमी इचारा की. आजवर कुणी इचारलंय तिला?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या गप्प बसण्यावर त्यांचा एकोणीस वर्षांचा भरवसा होता, म्हणून त्यांनी अगदी निर्धास्तपणे विचारलं, "बोल बाई. काय म्हणणं हाय तुझं?"

तेवढाच वेळ होता. पुढचीचा हात बांधाला लागेपर्यंत असतो तेवढा. मी कोठीमागून फॉर्म काढला, तो हातात गोळा झाला, आणि मी म्हणाले, "मला खुटबावला जायचं न्हाई. मला कॉलेजात जायचंय."

"काय? ऐकू आलं न्हाई," आप्पा म्हणाले. खरंच आलं नसावं. मलाही नीट आलं नव्हतं.

मग मी ओरडले. इतकी वर्षं मनात म्हटलेलं सगळं त्यात निघालं असावं, कारण शेळी उठून उभी राहिली आणि खोल्यांतल्या दोन पोरांनी दारं उघडून बघितलं. "मला खुटबावला जायचं न्हाई! मला शिरूरच्या कॉलेजात जायचंय!"

वर खाडकन दार उघडलं. मेईबाईला पहाटेची पाळी होती, ती जेवून आडवी झालेली. जिन्याच्या कठड्यावरून डोकं काढून ती कडाडली, "कौन चिल्लाता है भाई? आवाज कम करो!"

इतके महिने आवाज काढ म्हणून माझ्यामागं लागलेली बाई मला गप्प बसायला सांगत होती. आईनं तोंडाला पदर लावला, तिचे खांदे हलायला लागले, आणि मी वर बघून तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं.